ताहेर अबू झैद यांचा आदेश आणि तुमची मतपत्रिका

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील फुटबॉल संघटनांचे मतदार सदस्य, जिल्हा संघटना, संलग्न क्लब आणि त्यांचे प्रतिनिधी यांस

सप्रेम नमस्कार,

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सध्याच्या कार्यकारिणीची मुदत सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. तिथे राज्याच्या नावाने मत टाकणारा माणूस तुमच्याच संघटनेतून जातो. प्रचारात एक वाक्य हमखास कानावर पडेल: खेळाडूला खुर्चीत बसवा, बाकीचं आपोआप मार्गी लागेल. इजिप्तमध्ये हा प्रयोग पुरता करून झाला आहे. तोही कुणा किरकोळ खेळाडूवर नव्हे, ताहेर अबू झैद यांच्यावर. क्रीडामंत्रिपदाच्या साडेसात महिन्यांत त्यांनी काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय चार दिवसांत कोसळलं, हे मत देण्याआधी तुमच्या नजरेखालून जावं, म्हणून हे पत्र.

आधी खेळाडू म्हणून त्यांचं वजन किती, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. जन्म १९६२ चा. कैरोच्या अल अहलीचे आक्रमक मध्यरक्षक, चाहत्यांचे ‘नाईलचे मॅराडोना’. १९८४ च्या आफ्रिकी राष्ट्रचषकात, आयव्हरी कोस्टमध्ये, सर्वाधिक म्हणजे ४ गोल त्यांचे. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. १९८६ चा राष्ट्रचषक इजिप्तमध्येच झाला. उपांत्य फेरीत मोरोक्कोला १-० ने हरवलं, तो एकमेव गोल अबू झैद यांचा. हा मोरोक्को म्हणजे ऐरागैरा संघ नव्हता. तीनच महिन्यांनी मेक्सिकोच्या विश्वचषकात इंग्लंड, पोलंड, पोर्तुगाल यांच्या गटात तो पहिला आला. अंतिम सामन्यात कॅमेरूनशी गोलशून्य बरोबरी झाली आणि इजिप्तने पेनल्टींवर ५-४ ने चषक घेतला. क्लबच्या बाजूने पाहिलं तर १९८२ आणि १९८७ ची आफ्रिकी अजिंक्यपदं, मध्ये १९८४ ते १९८६ सलग तीन कप-विजेत्यांचे चषक. १९९० च्या इटली विश्वचषकाच्या संघातही ते होते. ‘मैदान ज्याने गाजवलं तो’ ही अट लावायची तर याहून सरस उमेदवार मिळणं कठीण.

३ जुलै २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना लष्कराने हटवलं. १६ जुलैला हाझेम अल बेबलावी यांचं मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळं झालं आणि अबू झैद त्यात क्रीडामंत्री झाले. हातात पडलेला खेळ तेव्हा मोडकळीला आला होता. १ फेब्रुवारी २०१२ च्या पोर्ट सईद दुर्घटनेत सत्तरहून अधिक प्रेक्षक मेले होते, तो हंगाम रद्द झाला होता, पुढचाही पूर्ण झाला नव्हता, सामने रिकाम्या स्टेडियममध्ये चालले होते. ऑक्टोबरात विश्वचषक पात्रतेसाठी घानाला गेलेला राष्ट्रीय संघ कुमासीत १-६ असा धुऊन निघाला. अशा वेळी मंत्र्याकडून लोकांची अपेक्षा असते ती धडाकेबाज निर्णयांची, आणि फसगत नेमकी तिथून सुरू होते.

अल अहली किंवा कैरोचाच दुसरा मोठा क्लब झमालेक म्हणजे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) फ्रँचायझीसारख्या कंपन्या नव्हेत. अल अहलीची स्थापना १९०७ ची. वर्गणी भरणारे सदस्य हेच मालक. मुंबईतला एखादा मोठा जिमखाना डोळ्यांसमोर आणा: पोहण्याचा तलाव, टेनिसची कोर्टं, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांसह येणारी कुटुंबं. हेच लोक दर चार वर्षांनी संचालक मंडळ निवडतात. गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडणारा चाहता सदस्य नसेल, तर त्याला मत नाही. उलट, फुटबॉलचं सुखदुःख नसलेला पण तलावावर रोज येणारा सदस्य अध्यक्ष ठरवतो. मंडळाची ताकद या मतदारांतून येते. त्यामुळे वरून आलेला कोणताही हुकूम त्यांना आपल्या घरात घुसल्यासारखा वाटतो.

पण कायदा मंत्र्याच्या बाजूने होता. १९७५ चा ७७ क्रमांकाचा कायदा क्रीडामंत्र्याला मंडळ बरखास्त करून तात्पुरतं मंडळ नेमू देत होता. शिवाय नियमावलीत एक कलम होतं, ज्याला इजिप्तमध्ये सगळे ‘आठ वर्षांचं कलम’ म्हणतात: सलग दोन चार-वर्षीय मुदती झाल्या की पुढची निवडणूक लढवता येणार नाही. कलम उत्तमच. खुर्चीला चिकटलेल्या माणसांवर याहून साधा उपाय नाही. अबू झैद या कलमाचे खंदे समर्थक होते.

२०१३ मध्येच त्यांनी झमालेकचं ममदूह अब्बास यांचं मंडळ हटवून कमाल दरविश यांना बसवलं. ते पचलं. मग जानेवारी २०१४ मध्ये पाळी आली अल अहलीची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या क्लबची. हसन हमदी २००२ पासून अध्यक्ष होते. मंडळ २००९ च्या निवडणुकीतलं, म्हणजे चार वर्षांची मुदत उलटून गेलेली. अबू झैद यांनी मंडळ बरखास्त केलं आणि तात्पुरत्या मंडळाच्या प्रमुखपदी आदेल हैकल यांचं नाव जाहीर केलं.

आता ही नावं नीट पाहा. हसन हमदी अल अहलीचे जुने बचावपटू. त्यांचे उपाध्यक्ष महमूद अल खतीब, १९८३ चे आफ्रिकेतले सर्वोत्तम फुटबॉलपटू आणि १९८६ च्या विजेत्या संघात अबू झैद यांचे सहकारी. आदेल हैकल अल अहलीचेच जुने गोलरक्षक. आणि काढणारे मंत्री अबू झैद. चारही जण एकाच लाल जर्सीतले. ‘खेळाडू विरुद्ध बाबू’ हा सामना तिथे नव्हताच. त्यामुळे ‘खेळाडू आला की कारभार सुधारतो’ हे सूत्र या प्रकरणात वापरायचं तर कुणाच्या बाजूने वापरणार?

आदेश टिकला नाही. काही दिवसांतच पंतप्रधान बेबलावी यांनी तो स्थगित केला आणि हमदी यांचं मंडळ जागेवर राहिलं. कारणं शोधायला लांब जायला नको. पहिलं, आदेशाचा सगळा भार मंत्र्याच्या सहीवर होता. त्या सहीच्या वर आणखी एक सही होती, आणि ती फिरली. दुसरं, वेळ. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरट्सला हरवून अल अहली आठव्यांदा आफ्रिकेचा विजेता ठरला होता. चषक ताजा असताना त्या मंडळाला घरी पाठवायचं तर रस्त्यावरचं जनमत कुठे जाणार? तिसरं आणि आमच्या मते सर्वांत मोठं: काढलेल्या माणसांच्या जागी नेमलेली माणसं आणली, निवडलेली नाही. मुदत संपलेलं मंडळ आणि कुणीही न निवडलेलं मंडळ यांत मतदार पहिल्याला झुकतं माप देतो. त्या मंडळाला निदान एकदा तरी त्याने स्वतः मत दिलेलं असतं.

यात बाहेरचाही धाक होता. फिफाच्या घटनेत सदस्य महासंघांनी आपला कारभार तिऱ्हाईताच्या दबावाशिवाय चालवावा अशी स्पष्ट अट आहे. ऑलिम्पिक सनदेच्या २७ व्या नियमानुसार सरकारच्या कायद्यामुळे किंवा कृतीमुळे राष्ट्रीय समितीच्या कामात अडथळा आला, तर त्या देशावर बंदी येऊ शकते. पोर्ट सईदनंतर तेव्हाचे पंतप्रधान गंझूरी यांनी संसदेत फुटबॉल महासंघाचं मंडळ हटवल्याचं जाहीर केलं, तेव्हाही फिफाने लगेच विचारणा केली होती. म्हणजे कैरोतल्या मंत्र्याला हा धाक नवा नव्हता. आपल्याकडचा योगायोग बघा: अबू झैद यांचा आदेश निघाला तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटना स्वतःच निलंबित होती, ४ डिसेंबर २०१२ पासून. सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. बंदी उठली ती ११ फेब्रुवारी २०१४ रोजी, स्पर्धा सुरू झाल्यावर.

पुढे कैरोत काय झालं? फेब्रुवारीअखेर बेबलावी सरकारने राजीनामा दिला. १ मार्चला आलेल्या महलाब मंत्रिमंडळात युवक आणि क्रीडा ही दोन खाती एक झाली, खालेद अब्देल अझीझ मंत्री झाले आणि अबू झैद बाहेर. त्याच महिन्यात अल अहलीची निवडणूक झाली. हमदी आणि खतीब दोघेही आठ वर्षांच्या कलमामुळे उभेच राहू शकले नाहीत. महमूद ताहेर अध्यक्ष झाले. मंत्र्याच्या आदेशाला जे जमलं नाही, ते नियमाने मतदानाच्या दिवशी, आरडाओरडा न होता करून दाखवलं. तेव्हा मंत्री खुर्चीतसुद्धा नव्हते. दोन महिने कळ काढली असती, तर बरखास्तीची गरजच पडली नसती, असं आम्हाला वाटतं. धडाका दाखवायची घाई नडली.

नियम मतदानाने लागू झाला तरी तो कागदावर पक्का हवा, हेही तिथेच दिसलं. २०१४ ची ती निवडणूक नंतर न्यायालयाने रद्द ठरवली, आणि जानेवारी २०१६ मध्ये मंत्रालयाने त्याच महमूद ताहेर यांना नियुक्त अध्यक्ष म्हणून बसवलं. निवडून आलेला माणूस नेमलेला झाला. खुर्ची तीच, पण पायाखालची जमीन गेली.

दरम्यान अबू झैद २०१५ च्या निवडणुकीत ‘फी हुब्ब मिस्र’ या यादीतून खासदार झाले. ते ज्या सभागृहात होते त्याच सभागृहाने २०१७ मध्ये ७१ क्रमांकाचा नवा क्रीडा कायदा मंजूर करून १९७५ चा कायदा मोडीत काढला. वाद सोडवायला इजिप्तच्या ऑलिम्पिक समितीच्या छत्राखाली लवाद केंद्र आलं आणि क्लबच्या सर्वसाधारण सभेला स्वतःची नियमावली लिहायचा अधिकार मिळाला. आठ वर्षांचं बंधन सगळ्यांवर वरून लादण्याऐवजी किती मुदती चालतील हे क्लबवर सोपवलं गेलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा आग्रह हाच होता की नियम सदस्यांनी करावेत. तत्त्व बरोबर. पण मुदतीच्या बंधनाला त्यातून सुरुंग लागला, हेही खरं.

नवी नियमावली करताना अल अहलीने काय घोळ घातला, तो तर तुमच्या सचिवांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये महमूद ताहेर यांच्या मंडळाने विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. गणपूर्ती व्हावी म्हणून मतदान दोन दिवस, दोन जागी ठेवलं: जुन्या मुख्यालयात आणि शहराबाहेरच्या शेख झायेद शाखेत. हेतू चांगला असेलही. पण इजिप्तच्या ऑलिम्पिक समितीने ती नियमावली मान्य केली नाही आणि क्लबला सरसकट लागू असलेल्या नमुना नियमावलीवर निवडणूक घ्यावी लागली. नोव्हेंबरअखेर झालेल्या त्या निवडणुकीत महमूद अल खतीब अध्यक्ष झाले. २०१४ मध्ये कलमाने बाजूला बसवलेला माणूस एक मुदत थांबून रीतसर मतांनी परत आला. यात आम्हाला काहीच वावगं वाटत नाही. मुदतीचं बंधन कुणाला कायमचं हद्दपार करण्यासाठी नसतं. मध्ये एकदा खुर्ची रिकामी व्हावी, हिशेब दुसऱ्याने उघडून पाहावेत, एवढ्यासाठी असतं.

आता आपल्याकडे या. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. घटनेचा वाद न्यायालयात अडकल्यामुळे निवडणूक झाली नाही आणि कार्यकारिणी तशीच राहिली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला हटवून तीन जणांची प्रशासक समिती नेमली. १५ ऑगस्टला फिफाने तिऱ्हाईताच्या अवाजवी दबावाचं कारण देऊन महासंघाला निलंबित केलं. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ऑक्टोबरवर आला होता. भुवनेश्वरसोबत मडगाव आणि नवी मुंबई ही त्याची केंद्रं. गोकुळम केरळचा महिला संघ तर आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला, तो न खेळताच परतला. न्यायालयाने २२ ऑगस्टला प्रशासक समिती गुंडाळली, २६ ला बंदी उठली, २ सप्टेंबरला निवडणूक झाली. मुदत संपलेली कार्यकारिणी आणि न निवडलेले प्रशासक, ही तर कैरोचीच जोडी.

त्या निवडणुकीत कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतिया यांना ३३-१ ने हरवलं. दोघेही माजी फुटबॉलपटू, दोघांनीही लोकसभा लढवलेली. खेळाडू की राजकारणी, असा पर्याय तेव्हाच्या मतदारांपुढे नव्हता. येत्या वेळीही बहुधा नसेल. महासंघाच्या नव्या घटनेत ‘नामवंत खेळाडू’ ठरण्यासाठी पुरुषांना किमान पाच आणि महिलांना दोन आंतरराष्ट्रीय सामन्यांची अट आहे. कार्यकारिणीत अशा पाच जणांना जागा आहेत. चांगलं आहे. पण पाच सामने खेळल्याने ताळेबंद वाचता येतो असं नाही, आणि अबू झैद यांचा अनुभव सांगतो की राष्ट्रचषक जिंकून दिल्यानेही आदेश कधी काढावा हे कळतं असं नाही.

म्हणून उमेदवाराला त्याने किती सामने खेळले हे विचारून झालं, की पुढचे प्रश्न विचारा, आणि त्याआधी तेच स्वतःच्या संघटनेला लावून पाहा.

मुदतीचं कलम तुमच्या घटनेत आहे का? असेल तर मोजणी कधीपासून? नुसतं ‘दोन मुदती’ लिहून चालत नाही. कलम लागू होण्याआधीची वर्षं धरायची की नाही, अर्धवट मुदत पूर्ण मानायची की नाही, सचिवपदावरून अध्यक्षपदावर गेल्यास मोजणी चालू राहते की नव्याने सुरू होते, हे स्पष्ट लिहावं लागतं. नाही लिहिलं, तर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात दोन्ही गट आपापला वकील घेऊन उभे राहतात. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ ने राष्ट्रीय महासंघांसाठी सलग तीन मुदतींची मर्यादा घातली आहे. तुम्ही त्याहून कमी ठेवायला हरकत नाही, पण ठराव तुमच्या सभेचा हवा.

मुदत संपल्यापासून नवी कार्यकारिणी येईपर्यंतच्या काळाचं काय? सगळा गोंधळ या फटीतून आत शिरतो. मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी निवडणूक अधिकारी नेमण्याचं बंधन घटनेत घाला. तारीख चुकलीच, तर जुन्या कार्यकारिणीने फक्त पगार, वीजबिल आणि चालू स्पर्धा एवढंच पाहावं. नवी नेमणूक नाही, नवा करार नाही, आणि मुख्य म्हणजे नव्या क्लबला संलग्नता नाही. संलग्नता म्हणजे मत. मतदानाच्या तोंडावर उगवलेले, एकही स्पर्धा न खेळलेले क्लब यादीत कसे आले, हे ज्यांनी याद्या चाळल्या आहेत त्यांना सांगायला नको. मतदानाच्या हक्कासाठी आधीच्या दोन हंगामांत नोंदणीकृत स्पर्धा खेळल्याची अट ठेवली, की निम्मी दुखणी जातात.

सभा एकाच दिवशी, एकाच जागी. गणपूर्ती होईना तर अर्ध्या तासाने तहकूब सभा भरवण्याची जुनी सोय आहे. ती घटनादुरुस्तीला लागू होते का, ते आधी वाचा. अनेक घटनांमध्ये दुरुस्तीसाठी दोन तृतीयांश मतं आणि वेगळी गणपूर्ती लागते. तहकूब सभेत मंजूर केलेली दुरुस्ती पुढे बाद ठरते आणि तिच्यावर झालेली निवडणूकही तिच्याबरोबर बुडते.

आणि महाराष्ट्रातल्या सदस्यांसाठी एक खास बाब. आपल्या बऱ्याच क्रीडा संघटना सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या आहेत. नवी कार्यकारिणी आली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो दिलाच नाही किंवा विरोधी गटाच्या हरकतीमुळे लोंबकळला, की दप्तरी जुनीच नावं राहतात. मग राज्याच्या नावाने मत टाकायला कुणाला पाठवायचं, याची दोन पत्रं दिल्लीला जातात. तेव्हा सप्टेंबरची वाट न पाहता तुमच्या संघटनेचा शेवटचा बदल अर्ज कोणत्या तारखेचा, तो मंजूर आहे की प्रलंबित, आणि त्यावर कुणाची नावं आहेत, हे या महिन्याच्या सभेत सचिवांना विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आपले,
महाराष्ट्र-गोव्यातील फुटबॉल प्रशासनाचे काही अभ्यासक